खर्जातली घसीट: बेस गिटार, स्लाइड आणि दोन तारांचा मार्क सॅंडमन

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्याकडे दोन प्रकारचे निरोप आले. पहिला असा, की बेस गिटारवर अख्खं व्याख्यान कशाला, ते तर मागे उभं राहून वाजवायचं वाद्य. दुसरा तरुण मुलांचा: कोणकोणत्या करामती दाखवणार? आम्हाला वाटतं, या दोन निरोपांच्या मध्ये जी जागा आहे तिथंच आज बसायला हवं. पहिल्याच्या मते बेसवाल्यानं गपचूप मूळ स्वर धरावा. दुसऱ्याच्या मते बेस म्हणजे कसरतीची दोरी. आम्ही दोघांशीही सहमत नाही, आणि का नाही ते एका माणसाच्या वादनातून सांगायचं आहे. पण त्याआधी थोडं वाद्याबद्दल.

लिओ फेंडर यांचा 'प्रिसिजन बेस' 1951 साली बाजारात आला. नावातच दावा आहे बघा: अचूकपणा. त्याआधी खर्जाचं काम डबल बेसकडे होतं. तो माणसापेक्षा उंच, त्याला पडदे नाहीत, बोट जिथं पडेल तिथं स्वर. बोट जरा सरकलं की बेसूर. फेंडरनी तारेखाली पडदे ठोकले, वाद्य आडवं करून गळ्यात अडकवलं, वीज जोडली. आता दोन पडद्यांच्या मध्ये कुठंही बोट दाबा, स्वर ठरलेलाच येणार. सोय मोठी झाली. पण एक गोष्ट गेली. डबल बेसवर एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट ऐकू यायची, ती पडद्यांनी तोडली. पडद्याच्या बेसवर बोट घासत नेलं तर जिना उतरल्यासारखं ऐकू येतं, पायरी-पायरीनं. उतार नाही मिळत.

पुढच्या पन्नास वर्षांतल्या बेसवरच्या निम्म्या तरी 'विचित्र' युक्त्या म्हणजे हा गेलेला उतार परत मिळवायची धडपड आहे, असं आमचं म्हणणं.

आपल्याकडे यासाठी शब्द तयार आहेत. तार पडद्यावर आडवी ओढून स्वर वर नेला की मींड. बोट तारेवरून लांबीच्या दिशेनं सरकवत नेलं की घसीट. सतारीवर मींडेची चैन आहे, कारण तार बारीक आणि पडदे उंच, वाकडे. बेसची जाड तार ओढायला जा, बोट सोलून निघेल आणि स्वर जेमतेम अर्धा चढेल. म्हणजे बेसवाल्याच्या वाट्याला मुख्यतः घसीटच. आणि घसीट गुळगुळीत हवी असेल तर दोनच रस्ते: पडदे काढून टाका, नाहीतर बोटात नळी घालून पडद्यांच्या वरून तरंगत जा.

पहिला रस्ता जॅको पॅस्टोरियसचा. त्यानं आपल्या 1962 च्या जॅझ बेसचे पडदे उपटले, खाचा बुजवल्या आणि लाकडावर बोटीला लावतात तसला इपॉक्सी थापला. हे सगळं सांगतात तेव्हा त्याचा धाडसीपणा सांगतात. आम्हाला त्यातली अक्कल जास्त आवडते. लाकूड मऊ असतं, तारेचा आवाज खातं. कडक, चकचकीत पृष्ठभाग मिळाला की तारेची आस वाढते, स्वर बोलतो. सरोदवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, त्यांच्या दांडीवर पोलादी पत्रा असतो तो त्याचसाठी. 1976 च्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' आहे. निव्वळ बेस, दुसरं काही नाही. वरती हार्मोनिक्सचे घंटीसारखे स्वर आणि खाली, हे महत्त्वाचं, खाली तोच माणूस त्याच चार तारांवर खर्जाचे स्वर धरून आहे. ही खालची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरा रस्ता स्लाइडचा. हा बेसवर फारसा कोणी चाललेला नाही, आणि त्याला कारणं आहेत. ती कारणं हातानं समजून घेतली तर पुढची टीका पटेल, म्हणून जरा तपशिलात जातो.

(येथे व्यासपीठावरील बेसवर प्रात्यक्षिक.)

ही साधी काचेची नळी, गिटारवाले वापरतात ती. खालच्या तारेवर ठेवली. ऐकलंत? तार नळीला जुमानतच नाही. जाड तार हलक्या नळीला उडवून लावते, स्वर पातळ येतो, खडखडतो. आता ही जड पितळेची. फरक कळतो ना? वजन पाहिजे. पण वजन आलं की दुसरं दुखणं. तार पडद्यांच्या फार जवळ असेल तर नळी पडद्यांवर आपटते. म्हणून तारा उंच कराव्या लागतात, आणि उंच केल्या की नुसत्या बोटानं वाजवणं कष्टाचं. तिसरं: नळीच्या मागच्या बाजूला जी तार उरते तीही वाजते. तिला मागच्या बोटांनी हलकं झाकावं लागतं. चौथं: नळी एका तारेवर असली तरी शेजारच्या तीन तारा गुणगुणत बसतात. गिटारवर हे खपतं, वरच्या पट्टीत ती गुणगुण शोभूनही दिसते. खर्जात त्याचा नुसता चिखल होतो.

आणि अंतर. बेसची तार साधारण 34 इंच, म्हणजे 86 सेंटिमीटर. नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारची पासष्टच्या आत. मोकळ्या तारेपासून पहिला पडदा बेसवर जवळपास 4.8 सेंटिमीटरवर येतो. बाराव्या पडद्यापुढं तेच अंतर निम्मं. म्हणजे खाली अर्धा स्वर चढायचा तर हात चांगला हलवावा लागतो. शिवाय स्वर पडद्यांच्या मध्ये नाही, पडद्याच्या बरोबर डोक्यावर आहे. फेंडरनी दिलेला अचूकपणा आपण हातानं परत करून टाकलेला असतो.

कानाचीही एक अडचण आहे. बेसची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे 41 वेळा हलते. म्हणजे एका हेलकाव्याला 24 मिलिसेकंद लागतात. स्वर कोणता हे कळायला कानाला असे काही हेलकावे मिळावे लागतात. घसीट भरभर केली तर स्वर ओळखू येण्याआधीच पुढं निघून जातो. म्हणून खर्जातली घसीट सावकाश हवी, आणि आवाजात वरचे उपस्वर भरपूर हवेत, ज्यांना धरून कान खालचा स्वर ओळखेल. (मोबाइलवर हे व्याख्यान ऐकणाऱ्यांना एक विनंती: हेडफोन लावा. त्या इवल्याशा स्पीकरमधून 41 हर्ट्झ बाहेर येत नाही, तुमचा कान तो उपस्वरांवरून जुळवून घेतो. सवलतीचा बेस आहे तो.)

एवढ्या अडचणी असताना हे करायचं कशाला? आता मार्क सॅंडमनकडे येऊ.

अमेरिकेतल्या केंब्रिज-बॉस्टनच्या परिसरात 1989 च्या सुमाराला 'मॉर्फीन' नावाचा तिघांचा बॅंड उभा राहिला. सॅंडमन बेसवर आणि गायला, डेना कॉली बॅरिटोन सॅक्सोफोनवर, ड्रमवर आधी जेरोम ड्युप्री आणि पुढं बिली कॉनवे. रॉक बॅंड म्हणवतात, आणि गिटार नाही! सॅंडमनच्या बेसला बहुधा दोनच तारा. त्या कधी एकाच स्वरात मिळवलेल्या, कधी पंचमाच्या किंवा सप्तकाच्या अंतरानं. आणि हातात स्लाइड. बेस खाली, बॅरिटोन सॅक्स खाली, त्याचा स्वतःचा गळाही खालचाच. तिघंही तळघरात.

आता मघाशी सांगितलेल्या चार अडचणी आठवा. शेजारच्या तारा गुणगुणतात? तारा काढून टाका. दोन उरल्या, त्याही एकमेकींशी जुळलेल्या. त्यातली एक गुणगुणली तर ती तंबोऱ्यासारखी साथच करते. स्वर धूसर होतो? वरच्या पट्टीत झाकोळणारं दुसरं वाद्यच ठेवू नका. गिटार नाही, की-बोर्डची गर्दी नाही. म्हणजे बेसच्या उपस्वरांना मोकळं आभाळ. सॅंडमनच्या 'दोन तारा' या गोष्टीला पुष्कळ जण लहर म्हणतात, पोस्टरवर छापायची गंमत म्हणतात. आम्हाला ती लहर वाटत नाही. ते हिशेबानं केलेलं काम आहे. एक तंत्र वापरायचं म्हणून त्यानं वाद्य बदललं, आणि वाद्य बदललं म्हणून अख्ख्या बॅंडची रचना बदलली. तंत्रासाठी एवढी किंमत मोजणारे बेसवाले फार थोडे.

'क्युअर फॉर पेन' हा त्यांचा 1993 चा अल्बम. त्यातलं 'ब्युएना' ऐका. सॅक्सोफोनच्या छोट्या प्रवेशानंतर हे गाणं येतं आणि ते बेसच्या चालीवरच उभं आहे. चाल अगदी साधी. स्वर मोजले तर एका हाताची बोटं पुरतील. पण प्रत्येक स्वर खालून कुठूनतरी येतो आणि आपल्या जागेवर बसताना किंचित मागंपुढं होतो. ड्रमचा ठोका जागच्या जागी, बेस मात्र त्या ठोक्याला ओलांडून सरकतोय. गाण्याला जी चालण्याची ऐट येते, ती या दोघांमधल्या फटीतून. पडद्याच्या बेसवर हेच स्वर याच लयीत वाजवून बघा, आम्ही वाजवून पाहिलेत. बरोबर वाजतं आणि निर्जीव वाजतं.

'थर्सडे' या गाण्यात वेग जास्त आहे. दर गुरुवारी भेटणाऱ्या दोघांची गोष्ट, सॅंडमन ती कट्ट्यावर बसून सांगितल्यासारखी सांगतो, गातो कमी. तिथं बेस घसटत नाही, धडका देतो, आणि स्लाइडचा खरखरीत कडा तेवढा राहतो. म्हणजे त्याच्याकडे स्लाइडचा एकच रस नव्हता. याउलट 'इन स्पाइट ऑफ मी' हे मॅंडोलिनच्या सोबतीनं जाणारं हळुवार गाणं आहे. तिथं तो ही करामत बाजूला ठेवतो. हातातलं हत्यार कधी खाली ठेवायचं ते त्याला कळत होतं.

हा आवाज आपल्या कानाला इतका ओळखीचा का वाटतो, यावर आमच्यात पुष्कळ बोलणं झालं. उत्तर सतारीत नाही, तबल्यात सापडलं. डग्गा! मनगट डग्ग्यावर टेकवून पुढं दाबत नेलं की 'गे' अक्षराचा स्वर वर चढतो. हा डग्ग्याचा घुमारा. आपण त्याला सूर म्हणत नाही, पण तो नसेल तर ठेका कोरडा पडतो. लावणीच्या ढोलकीत तर या घुमाऱ्यावरच बैठक झुलते. म्हणजे खर्जातला सरकता स्वर आणि ताल यांची सोबत मराठी कानाला नवीन नाही. पाश्चात्त्य रॉकमध्ये ती दुर्मीळ, कारण तिथं खर्ज मोजून-मापून पडद्यावर बसवलेला. सॅंडमननं डग्गा ऐकला होता असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की त्याचा बेस डग्ग्याचं काम करतो: लय धरतो आणि लयीला श्वासही देतो.

आणि खर्जातल्या स्वराची निव्वळ, तालाशिवायची वाट ऐकायची असेल तर अमेरिकेला जायची गरज नाही. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा काढा. मुंबईत आणि मग पनवेलजवळ पळस्प्याला राहून त्यांनी शिकवलं. वीणेचे तुंबे मोठे करून घेतले, तारा जाड लावल्या, म्हणजे त्यांनीही स्वरासाठी वाद्यच बदललं. त्यांच्या आलापात एका स्वराहून दुसऱ्यावर जायला जो वेळ लागतो, त्या वेळातच संगीत आहे. तिथं मींड आहे, स्लाइड नाही, हा फरक मान्य. पण खर्जात घाई चालत नाही, हे बेसवर स्लाइड करू पाहणाऱ्यानं कुठं शिकावं असं कोणी विचारलं तर आम्ही हेच नाव घेऊ.

आता इतर युक्त्यांबद्दल, थोडक्यात. अंगठ्यानं तारेवर ठोसा मारायचा आणि बोटानं तार उपटायची, ज्याला सगळे स्लॅप म्हणतात, तो लॅरी ग्रॅहमनं का काढला? आईबरोबर क्लबमध्ये वाजवत होता, ड्रमर राहिला नाही. अंगठा झाला मोठा ड्रम, उपटणं झालं छोटा ड्रम. गरज होती. 1972 मध्ये लू रीडच्या 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'मध्ये हर्बी फ्लॉवर्सनं डबल बेसवर एक घसीट वाजवली आणि तिच्यावर बेस गिटारनं वरचा स्वर चढवला. दोन वाद्यं वाजवली की मानधन दुप्पट मिळतं, हेही कारण त्यानं हसत सांगितलेलं आहे. तीही गरजच! गाणं जगभर ओळखलं जातं ते त्या दोन सरकत्या स्वरांनी. पीटर गॅब्रिएलच्या 'बिग टाइम'मध्ये टोनी लेव्हिन डाव्या हातानं स्वर धरतोय आणि ड्रमर जेरी मरोटा काठ्यांनी त्याच्या तारांवर बडवतोय. पुढं गॅब्रिएलच्या सूचनेवरून काठ्यांचे तुकडे लेव्हिनच्या बोटांनाच बांधले गेले, त्यातून 'फंक फिंगर्स' आले. ऐकायला चेष्टा वाटते, पण आवाज असा टणक आणि उसळता की गाण्याची चालच त्यावर बसते.

मायकेल मॅनरिंगचं नाव घेतलं नाही तर तरुण मंडळी रागावतील. वाजवता वाजवता खुंट्यांच्या कळी फिरवून तारा नव्या स्वरात नेणं, एकाच वेळी एकाहून जास्त बेस वाजवणं, हे सगळं तो करतो, आणि सुरेल करतो. आम्ही आदरानं ऐकतो. पण त्यातलं सगळंच पुन्हा ऐकावंसं वाटत नाही, आणि का वाटत नाही हे आम्हाला एका प्रश्नातून उमगलं. प्रश्न साधा: खाली कोण?

बेस वर चढला, नाचू लागला, घंट्या वाजवू लागला, ठीक. मग खाली कोण उभं आहे? जॅकोच्या 'ट्रेसी'मध्ये खाली जॅको स्वतःच उभा आहे. लॅरी ग्रॅहमच्या ठोशात खर्ज आणि ताल दोन्ही आहेत. सॅंडमन तर खालून हललाच नाही, त्यानं खालच्याच मजल्यावर वाट काढली. पण आज मिनिटभराच्या चित्रफितींमध्ये जे बेसवादन फिरतं, त्यातल्या बहुतेकांत खाली कोणी नसतं. मागं रेकॉर्ड केलेला दुसरा बेस वाजत असतो! आमच्या ओळखीतली मुलं तीन-तीन महिने एक करामत घोटतात आणि मग बॅंडमध्ये उभी राहिली की गाण्याच्या पहिल्या मात्रेवर स्वर कुठं ठेवायचा ते त्यांना सुचत नाही. त्यांना दोष देत नाही आम्ही. त्यांना शिकवणाऱ्यांनी एकतर 'गप मूळ स्वर धर' म्हटलं, नाहीतर टाळ्या मिळवायला शिकवलं. मूळ स्वर धरूनही त्याच्याकडे जाण्याची वाट आपली असू शकते, हे तिसरं कोणी दाखवलंच नाही.

सॅंडमनवर आमचा एक आक्षेप आहे, तोही सांगतो. दोन तारा, एक नळी, हा संसार छोटा. 1997 च्या 'लाइक स्विमिंग'पर्यंत येता येता काही चाली आधीच्या चालींची भावंडं वाटतात. खालून सरकत येणारा स्वर आता येणार, हे आपल्याला आधीच कळतं, आणि कळलं की त्यातली मजा अर्धी होते. जी मर्यादा सुरुवातीला बळ होती तीच पुढं सवय झाली, असं आमचं मत. काही मित्रांना ते पटत नाही. त्यांच्या मते एवढा एकजिनसी आवाज टिकवणं हेच मोठं काम. 'द नाइट' हा शेवटचा अल्बम 2000 मध्ये आला. त्यात आवाज पसरलाय, इतर वाद्यं आलीत, नवी वाट दिसू लागली होती. पण तो बाहेर आला तेव्हा सॅंडमन नव्हता. 3 जुलै 1999 ला इटलीतल्या पालेस्त्रिनाला, रोमजवळ, तो कार्यक्रम चालू असताना रंगमंचावरच कोसळला आणि गेला. त्या वाटेचं पुढं काय झालं असतं, हा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: घरी करून बघायचं तर सुरुवात कशी करू? सांगतो. नवी खरेदी करू नका. घरात एखादा जुना बेस पडला असेल तर त्याच्या चारपैकी दोन तारा उतरवा, मधल्या दोन ठेवा. घोडीवरचे स्क्रू फिरवून त्या जरा उंच करा. चपट्या वेटोळ्याच्या तारा मिळाल्या तर नळी कमी खरवडते. जड नळी करंगळीत घाला, म्हणजे बाकी तीन बोटं मागची तार झाकायला मोकळी राहतात. दोन्ही तारा एकाच स्वरात मिळवा. ड्रमचा एक सावकाश ठेका लावा, तबल्याचा लावला तर उत्तम. आणि पहिले काही दिवस दोनच स्वर: षड्ज, आणि खालून षड्जाकडे येणारा निषाद. नळी पडद्याच्या डोक्यावर थांबते का बघा. समेच्या आधी पोचलात तर घाई झाली, नंतर पोचलात तर तार तुमच्या हाताला ओढतेय. बरोबर समेवर यायला किती वेळ आधी निघावं लागतं ते हातालाच कळेल, आम्ही आकडा सांगून उपयोग नाही, कारण तो लयीप्रमाणे बदलतो.